दोन पाऱ्यांची सरासरी

२ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट आडवं उतरवलं, बादलीचा कान तुटला, पुस्तकांचं एक खोकं वाटेतच भिजलं. पण आज मी इतकी खुशीत आहे की कोणावर चिडायलाही फुरसत नाही. जमिनीचं एक निमुळतं टोक समुद्रात घुसलंय आणि त्यावर वेधशाळेचं हे घर आहे. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि समुद्राच्या अंगाला उपकरणांची एक चिंचोळी खोली. अंगण ओलांडलं की पत्र्याची शेड, तेच माझं ऑफिस. घरातून ऑफिसला जायला बावीस पावलं लागतात. आधीच्या शहरात दोन बस बदलाव्या लागायच्या.

मास्तर दुपारभर दारात खुर्ची टाकून हमालांना सूचना देत होता. मास्तर म्हणजे माझा नवरा. पंधरा वर्षं पोरांना पोहायला शिकवलं, म्हणून जग त्याला मास्तर म्हणतं आणि मीही तेच म्हणते. गेल्या वर्षी त्याचं डावं फुफ्फुस काढावं लागलं. उरलेलं एक जपायचं, बाकी सगळं मागाहून, असं डॉक्टरांनी बजावलंय. समुद्राची मोकळी हवा त्यांनीच सुचवली आणि मी बदलीचा अर्ज टाकला. आमच्या खात्यात मागितलेली बदली मिळत नाही. मला मिळाली, कारण या जागेसाठी दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता.

मास्तरचं म्हणणं असं की छातीतला एक भाडेकरू जागा सोडून गेला, आता दुसऱ्याने ऐसपैस पाय पसरावेत. संध्याकाळी तो न थांबता फाटकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मी आत जाऊन थोडी रडून घेतली. त्याला सांगितलं, कांदा चिरत होते. कांदे अजून पोत्यातच आहेत हे त्याला ठाऊक होतं.

५ सप्टेंबर

काम अंगवळणी पडतंय. दर तीन तासांनी वारा, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब मोजायचा, नोंदवहीत लिहायचा आणि मुख्यालयाला कळवायचा. इथे पाऱ्याचे बॅरोमीटर दोन आहेत, एक शेडमध्ये आणि एक घरातल्या त्या चिंचोळ्या खोलीत. एका वेधशाळेला दोन कशाला, हे मला कळेना. माझ्या आधीचे निरीक्षक, ज्यांना सगळे जुने साहेब म्हणतात, ते मी यायच्या आदल्याच दिवशी निवृत्त होऊन निघून गेले. पदभार द्यायलाही थांबले नाहीत. टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी मात्र ठेवली आहे: दोन्ही वाचावेत, सरासरी पाठवावी, इतर काही करू नये. अक्षर मोत्यासारखं. दोन्ही पारे १०१० मिलिबार दाखवतात, म्हणजे सरासरीही तेवढीच. निदान गणित तरी सोपं आहे.

सकाळी बेकरीवाल्या मावशी स्वतःच्या व्हॅनमधून पाव द्यायला आल्या. बाई बोलायला लागल्या की पाव गार होतो. त्यांच्याकडून कळलं की गावात नऊ हजार वस्ती आहे, शाळा बरी आहे, डॉक्टर दुपारी झोपतो, आणि गावाला वादळ म्हणून कधी लागत नाही. पार दारापर्यंत येतं आणि दम तोडतं, म्हणाल्या. इथल्या खिडक्यांना वादळासाठीच्या फळ्यासुद्धा कोणी केलेल्या नाहीत. जुन्या साहेबांच्या बायकोबद्दल विचारलं, तर दम लागून गेल्या बिचाऱ्या, एवढंच बोलून पुढच्या घराकडे गेल्या.

९ सप्टेंबर

आज रविवार. जुन्या नोंदवह्या काढून बसले. एकतीस वर्षांत शेहेचाळीस वादळं या टोकाच्या रोखाने आली आणि शेहेचाळीसच्या शेहेचाळीस किनाऱ्याआधी ढेपाळली. एकही सुटलं नाही. मला तर घबाडच मिळालं. यावर लेख लिहायचा.

मास्तरला जेवताना सगळं समजावलं. वादळ जगतं कोमट पाण्यावर. खालून वाफ मिळत राहिली की ते पोसतं, मधला दाब उतरत जातो, वारा चढत जातो. किनाऱ्याजवळ आलं की खालचं थंड पाणी त्याच्याच घुसळणीने वर येतं, जमिनीवरची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरते, वरचे उलटसुलट वारे त्याचा शेंडा मोडतात, आणि मग ते मरगळतं. पण याच्या उलटही होऊ शकतं. किनाऱ्यालगत कोमट पाण्याचा खोल पट्टा भेटला, तर मरायला टेकलेलं वादळ काही तासांत दुप्पट होतं, आणि तिथे भल्याभल्यांचे अंदाज चुकतात. मी विचारलं, मग इथे एकतीस वर्षांत एकदाही उलटं का झालं नसेल? तो म्हणाला, निरीक्षकबाई, आमटी निवतेय.

प्रश्न मात्र खराच आहे. शेहेचाळीस वेळा एकच उत्तर निसर्ग देत नाही.

१४ सप्टेंबर

पहिलं वादळ आलं आणि गेलंही. खरं तर छोटंसंच. काल मुख्यालयाने कळवलं तेव्हा समुद्रात मधला दाब ९८५ होता. आज सकाळपासून शेडमधला पारा थोडा उतरला आणि अकराच्या सुमारास पुन्हा चढायला लागला. वारा पडला. सत्तेचाळिसावं वादळही नियमाप्रमाणे ढेपाळलं, म्हणून मी खूश होऊन घरात आले.

दार जड झालं होतं. बाहेरच्या बाजूला उघडणारं दार, पण आतून कोणी धरून ठेवावं तसं ओढावं लागलं. आत पाऊल टाकलं आणि कानात टक्कन वाजलं, घाट चढताना वाजतं तसं. टेबलावरचा बिस्किटांचा पुडा टम्म फुगला होता. मास्तर पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घेत होता. त्याने मला हसून दाखवलं.

चिंचोळ्या खोलीतला पारा ९८५ वर होता. शेडमध्ये त्याच क्षणी १००४.

बावीस पावलांत एकोणीस मिलिबार. असं होऊ शकत नाही. मी मास्तरला अंगणात आणून बसवलं आणि दहा मिनिटांत त्याला बरं वाटलं. मुख्यालयाला काय कळवावं, हा प्रश्न पडला. शेवटी चिठ्ठीप्रमाणे सरासरी पाठवली, ९९४.५. नवी नोकरी, पहिल्याच महिन्यात घरात वादळ शिरलं म्हणून कोण कळवणार?

१५ सप्टेंबर

उपकरण बिघडलं असणार. अशा वेळी जे करायचं ते केलं, दोन्ही बॅरोमीटरची अदलाबदल केली. घरातला शेडमध्ये, शेडमधला घरात. दोन तास लागले, पारा सांभाळताना कंबर मोडली. आता दोन्ही १०११. पुढच्या वेळी चूक कोणाची ते कळेल. बिस्किटांच्या पुड्याचं काय, असं मास्तरने विचारलं. पुडा आता पुन्हा सपाट झालाय. मी म्हटलं, उन्हाने फुगला असेल. काल ऊन नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शहरातून प्राणवायूचे दोन सिलिंडर मागवून घेतले. असावेत घरात.

२३ सप्टेंबर

चूक उपकरणाची नव्हती.

या वेळचं वादळ मोठं होतं, समुद्रात ९४५. दुपारी शेडमधला पारा ९९० पर्यंत उतरला, मग थांबला, मग चढू लागला. मी धावत घरात गेले. दार दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा फटीतून वारा आत घुसला, बाहेर नाही, आत. चिंचोळ्या खोलीतला पारा, म्हणजे आठवड्यापूर्वी शेडमध्ये इमानेइतबारे चालणारा तोच पारा, ९४५ वर होता. माझ्या डोळ्यांदेखत ९४४ झाला. घरात एक पडदा हलत नव्हता. अगदी शांत. वादळाच्या डोळ्यात असते म्हणतात ती शांतता.

मास्तरचे ओठ निळे पडले होते. सिलिंडरची नळी मला लावता येईना, शेवटी त्यानेच ती नाकाला लावली. संध्याकाळी पाचला पारा परत १००८. बाहेर लख्ख ऊन पडलं. रस्त्याने शाळेची मुलं दंगा करत गेली.

मला काहीच झालं नाही. कान दुखले, बस. माझी दोन फुफ्फुसं आहेत म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली.

२४ सप्टेंबर

नोंदवह्या पुन्हा काढल्या. घरातल्या पाऱ्याचा रकाना मी नीट पाहिलाच नव्हता, सरासरीच पाहत होते. पन्नास वेळा वाचूनही कोणाला दिसू नये म्हणूनच सरासरी असते की काय! शेडमध्ये ९९८, घरात ९५०. शेडमध्ये १००२, घरात ९३१. एकतीस वर्षं, शेहेचाळीस वादळं. किनाऱ्याआधी एकही मेलेलं नाही. सगळी इथे आली आहेत, माझ्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत.

मावशींकडून जुन्या साहेबांचा नंबर मिळवला. ते आता समुद्रापासून फार लांब, कोरड्या मुलखात राहतात. मी नाव सांगायच्या आत त्यांनी विचारलं, किती उतरला? मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. त्यांच्या पहिल्याच वर्षी एक भयंकर वादळ थेट गावावर येत होतं. वस्ती हलवायला वेळ उरला नव्हता. त्या चिंचोळ्या खोलीत ते पाऱ्यासमोर एकटे बसले होते आणि भीतीच्या भरात मोठ्याने बोलून गेले की गावावर जाऊ नकोस, माझ्याकडे ये. ते आलं. तेव्हापासून येतंच आहे. जो इथली नोंद ठेवतो त्याच्याकडे येतं, घर कोणाचं का असेना.

मी विचारलं, मग घालवायचं कसं? ते म्हणाले, जा म्हणायचं. जा म्हटलं की जातं. पण मग ते गावावर जातं. एकतीस वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही.

पारा वाचणाऱ्याला ते काही करत नाही, असंही म्हणाले. मी त्यांच्या बायकोबद्दल विचारलं. फोन ठेवला गेला. परत लावला तर उचलला नाही.

२६ सप्टेंबर

मास्तरला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. बायको, पाहुणे बोलावतेस तेव्हा आधी विचारत तरी जा, एवढंच म्हणाला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

बदलीचा अर्ज पाठवला. मुख्यालयातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं की जागा भरली म्हणून तर ते खूश होते, आता हंगाम संपेपर्यंत माणूस मिळणार नाही. जागा सोडून गेलात तर वेधशाळा बंद, नोंद बंद, आणि सगळा किनारा आंधळा. शिवाय तुमच्याकडे धोका कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तुमच्याकडे तर ते येईपर्यंत मरतं.

मी माझा लेख फाडला. थंड पाणी, कोरडी हवा, उलटसुलट वारे. काय काय लिहिलं होतं मी!

७ ऑक्टोबर

तिसरं निघालंय. अजून लांब आहे, ९९२. नकाशावर त्याच्या वाटेत कोमट पाण्याचा पट्टा दिसतो, आपल्या किनाऱ्याला चिकटून, कधी नव्हे इतका खोल. मी मुख्यालयाला तीन वेळा फोन केला. गाव हलवा म्हटलं. साहेबांनी मला माझ्याच वेधशाळेचा इतिहास ऐकवला. अठ्ठेचाळीस वादळं, अठ्ठेचाळीस वेळा कमजोर. ते म्हणे या नियमावरच अंदाज बांधतात.

ती सरासरी आम्हीच पाठवली. जुन्या साहेबांनी आणि मी.

८ ऑक्टोबर

रात्रीतून ९९२ चं ९४१ झालं. एका दिवसात एक्कावन्न मिलिबार. असं मी पुस्तकात वाचलं होतं.

चिंचोळ्या खोलीतला पारा आजपासूनच उतरतोय, आणि वादळ अजून दोनशे किलोमीटर लांब आहे. ते बाहेरून येत नाही. ते इथे आधी येऊन बसतं आणि मग वाट पाहतं. किटलीतलं पाणी लगेच उकळलं आणि चहा कोमट लागला. मास्तर रात्रभर बसून होता. आडवं झालं की त्याला जमत नाही. मला झोप, झोप म्हणत होता.

त्याला इथून हलवायचं. उद्या सकाळी. मी राहणार. कोणी तरी नोंद ठेवली पाहिजे, नाही तर ते गावावर जाईल, आणि वाचणाऱ्याला ते काही करत नाही. मास्तरला आत्ता हे घर नको, मी नको, काही नको. त्याला हवा हवी.

गावातही गेले. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला सांगितलं, बाजारात सांगितलं, डॉक्टरला झोपेतून उठवून सांगितलं. सगळे समजुतीने हसले. बाई नव्या आहेत, म्हणाले.

९ ऑक्टोबर

सकाळी ७

मास्तर गेला. मावशी व्हॅन घेऊन आल्या, पावाचे ट्रे काढून मागे गादी टाकली. एक सिलिंडर दिला. समुद्राला लागून बांधावरचा रस्ता आहे चार किलोमीटर, तो ओलांडला की चढ लागतो, मग साठ किलोमीटरवर मावशींच्या बहिणीचं घर. वाद घातला त्याने. शेवटी मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीत बसताना म्हणाला, ओरडतानाही सुरेख दिसतेस, पण पुन्हा नको.

समुद्रात ९२८.

सकाळी १०

शेड ९८१. घर ९०४. वादळाचा जोर चढतोय अजून. कानांतून रक्ताचा एक थेंब. बाकी ठीक. श्वास ठीक.

मास्तर आता मावशींच्या बहिणीकडे पोचला असेल.

दुपारी १२

शेड ९९३, चढता. वारा पडतोय. गावातून गाणी ऐकू येतात, कोणीतरी दुकान उघडलं. घर ८७२. पट्टी ८७० ला संपते.

त्याला पाठवलं. चांगलं केलं. चांगलं केलं मी.

दुपारी १.३०

पारा पट्टीखाली गेला. वाचता येत नाही. मी तरी बसले आहे समोर. काचेत माझं तोंड दिसतं. मागे काही नाही. काही दिसत नाही. पण खोली भरलेली आहे, मला खांदे आत घ्यावे लागतात —

दुपारी २

मावशींचा फोन. रडत होत्या. मास्तरला श्वास घेता येत नाही. नखं काळीनिळी. तासाभरापासून. सिलिंडर पूर्ण उघडला तरी उपयोग नाही, संपतच आला. व्हॅनच्या काचा आपोआप आत दबल्या, म्हणाल्या, एक तडकली. आणि मग सांगितलं — जुन्या साहेबांच्या बायकोचंही असंच झालं होतं. या घरात नाही. भावाकडे. लांब, डोंगरापलीकडे, लख्ख उन्हात. पाठवून दिलं होतं त्यांना साहेबांनी, वादळ यायचं होतं म्हणून.

पाठवून दिलं होतं.

वाचणाऱ्याला ते काही करत नाही. वाचणाऱ्याचा जीव ज्याच्यात —

मागून तो ऐकू येत होता. श्वास नव्हे तो. ओढणं. मी फोन त्याच्या कानाला लावायला सांगितला. काय बोलले आठवत नाही.

२.१०

जुन्या साहेबांनी म्हटलं नाही. एकतीस वर्षं म्हटलं नाही. बायको गेली तरी म्हटलं नाही. काय माणूस असेल तो. देव असेल नाही तर राक्षस.

मुख्यालयाला लावला. गाव हलवा, आत्ता. साहेब म्हणाले, बाई, तुमच्याकडून तर १००० आलंय, वादळ संपलं. घरातला पारा वाचता येईना म्हणून मी एकट्या शेडचा आकडा पाठवला होता.

नऊ हजार. मी शाळा पाहिली आहे. बाजार पाहिला आहे. मुलं दंगा करत जातात ती. डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, शप्पथ, केला. येत नाहीत. एकच येतो.

२.१५

म्हटलं.

मोठ्याने. पाऱ्यासमोर. जा. त्याला सोड. गावावर जा.

२.२०

पारा पट्टीवर आला. ८८०. ९१०. डोळ्यांदेखत. दार आपोआप उघडलं. खिडक्या कडकड वाजल्या. काही तरी माझ्या अंगावरून निघून गेलं, जाताना केस ओढले गेले एवढंच.

घर ९६०. शेड — शेडपर्यंत गेले, धरून धरून — ९७४. उतरता. वारा फिरला.

काय केलं मी. काय केलं.

२.३५

त्याचा फोन! त्याचा स्वतःचा! बोलतोय! एका दमात अख्खं वाक्य! म्हणतो, अगं दोन फुफ्फुसं असल्यासारखं वाटतंय. हसतोय. मावशी मागे हसतायत आणि रडतायत. मी जमिनीवर बसले. माझा जीव भांड्यात पडला, मी त्याला म्हटलं, बोलत राहा, काही पण बोल.

बोलला. म्हणाला, वादळ मेलं ना गं तुझं? आम्हाला इकडे वारा सुटलेला दिसतोय.

इकडे म्हणजे कुठे, विचारलं.

सिलिंडर संपत आला तसा त्याने तासाभरापूर्वीच बहिणीच्या घरून गाडी परत वळवायला लावली होती. दुसरा सिलिंडर घरात आहे म्हणून. आणि मी एकटी आहे म्हणून. आता जवळच आलोय, म्हणाला. बांध लागला. पाणी रस्त्याला टेकलंय बघ, मजा आहे, मावशी जोरात —

दोन वाजता मी विचारलंच नाही. कुठे आहात, हे विचारलंच नाही मी.

मागे वळा म्हणून ओरडले. फोन बंद. परत लावला. बंद. बंद.

२.४५

शेड ९३९.

खिडकीतून बांध दिसत नाही. पांढरं दिसतं सगळं. गावाकडून आवाज येतोय, पत्रे असतील. पत्रेच असतील.

पाऱ्यासमोर बसले आहे. म्हणतेय. माझ्याकडे ये. परत ये. मी बोलावते आहे, मी, नोंद मी ठेवते, माझ्याकडे ये, माझ्याकडे —

२.५०

घर १००९. हलत नाही.

ये ना.

२.५५

शेड गेली. उडाली. हे घर जागच्या जागी. पडदासुद्धा हलत नाही. १००९. १०१०. छाती भरून श्वास येतोय, कितीही घ्या, संपत नाही, मला नको आहे ही, ही त्याला द्या, ही हवा त्याला —

१०१०. बांधाकडे जाते. वही इथेच ठेव